घुं, चीं, झर्र : कॉम्प्युटरला जोडलेल्या माईक-स्पीकरमधला विजेचा आवाज कसा शोधायचा

नवा माईक आणला, ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक आणि कॉम्प्युटर यांच्या मधली डबी, लॅपटॉपला जोडला, हेडफोन कानाला लावले, आणि स्वतःच्या आवाजाआधी काय ऐकू आलं, तर मागे कुणीतरी सतत 'घुंऽऽ' करत बसलंय. अशा वेळी बहुतेक जण त्याच रात्री ऑनलाइन काहीतरी मागवतात. महागडी केबल, स्पाइक गार्ड, 'नॉइज फिल्टर' असं छापलेली एखादी डबी. मीही मागवलं होतं. त्या वस्तूंचा एक खोका माझ्या माळ्यावर पडून आहे आणि त्यातली एकच वस्तू आजवर उपयोगी पडली.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच, की आधी शोधा, मग खरेदी करा. पॉडकास्ट, ऑनलाइन शिकवणी, पुस्तकवाचन, घरचं गाणंबजावणं, यांपैकी काहीही रेकॉर्ड करत असाल तरी शोधायची रीत एकच आहे. इलेक्ट्रॉनिक्स यायला हवं असं नाही. कान, कागद-पेन, अर्धा-पाऊण तास आणि जमल्यास एक साधा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) पुरे.

सुरुवात करण्यापूर्वी एक ताकीद. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची पिन, कापायची नाही, आणि ती टाळण्यासाठी दोन पिनांचं कन्व्हर्टरही लावायचं नाही. असा 'उपाय' सांगणारे भरपूर भेटतील आणि त्याने घुं बंद होतोही. पण आतली फेजची वायर कधी सुटून पत्र्याच्या डब्याला टेकली, तर तो करंट जमिनीत नेणारी वाट तुम्हीच तोडलेली असते. मग पुढची वाट माईकच्या जाळीजवळ आणलेल्या तुमच्या ओठांतून जाते.

पहिली पायरी : आवाज नक्की कुठे आहे?

गेनचा नॉब (माईकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा) नेहमी जिथे असतो तिथे ठेवा आणि काहीही न बोलता तीस सेकंद रेकॉर्ड करा. त्यासाठी ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. ही फाईल फोनवर पाठवून फोनच्या हेडफोनवर ऐका. घुं तिथेही ऐकू आला तर तो रेकॉर्डिंगमध्येच शिरतोय, म्हणजे दोष माईक, त्याची केबल किंवा इंटरफेसच्या बाजूला. फोनवर फाईल स्वच्छ वाजली आणि घरच्या स्पीकरमधूनच घुं येत असला, तर माईकला दोष देऊ नका. दोष कॉम्प्युटर ते स्पीकर या टप्प्यात आहे. पाच मिनिटांच्या या परीक्षेने निम्मं काम होतं. ती न करता माईक बदललेले लोक मी पाहिलेत.

आवाज रेकॉर्डिंगमध्ये असेल तर आणखी एक परीक्षा. गेन तसाच ठेवून माईकची केबल इंटरफेसमधून काढा आणि पुन्हा तीस सेकंद रेकॉर्ड करा. कंडेन्सर माईक (बारीक आवाजही टिपणारा, बाहेरून वीज लागणारा) असेल तर त्याची ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माईकला मिळणारी वीज, आधी बंद करा. आवाज गेला तर तो माईक, केबल किंवा खोलीतून येत होता. तसाच राहिला तर तो यूएसबी किंवा वीजपुरवठ्यातून येतोय. केबल काढायची तर इंटरफेसच्या टोकाकडून काढा. केबल तिथे जोडलेली आणि दुसरं टोक हवेत लोंबकळत, अशी परीक्षा घेऊ नका. मोकळी केबल स्वतःच अँटेना होते आणि भलताच घुं ऐकवते.

पंख्याचा खराखुरा आवाज आणि विजेचा आवाज यांतही गल्लत होते. कंडेन्सर माईक छताचा पंखा, शेजारच्या खोलीतला फ्रिज, लॅपटॉपचा फॅन असं सगळं ऐकतो. माईक उशीखाली दाबून धरला की आवाज कमी झाला, तर तो हवेतून येणारा आवाज आहे. त्याला वीज जबाबदार नाही. मे महिन्यात पंखा बंद करून वाचन करणं हे या छंदातलं प्रायश्चित्त, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

दुसरी पायरी : आवाजाची जात ओळखा

आपल्याकडे आवाजांसाठी शब्दांची कमी नाही, त्यांचा इथे उपयोग करू.

जाड, सलग 'घुंऽऽ' म्हणजे मेन्सची वीज. आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज येते, म्हणून मूळ घुं ५० हर्ट्झचा असतो आणि त्याच्या जोडीला १००, १५०, २०० अशा पटी. पेटी घरात असेल तर पडताळा सोपा आहे. खालच्या सप्तकातली पांढरी पाच वाजवा. घुं तिच्यापेक्षा किंचित चढा आणि काळी चारच्या खाली लागेल. पांढरी पाच ९८ हर्ट्झच्या आसपास असते आणि घुंची पहिली पट बरोबर १००. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिथला घुं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध पडतो. गंमत बाजूला ठेवली तरी हे लक्षात असू द्या, कारण अमेरिकी व्हिडिओ पाहून ६० हर्ट्झला फिल्टर लावणारे पुष्कळ असतात आणि तो इथे काहीच करत नाही. उलट न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याला सल्ला देताना ५० सांगू नका.

भुंगा बाटलीत अडकल्यासारखा 'झर्रर्र' असेल तर मूळ वीज तीच, पण वरच्या पटींनी भरलेली. दिव्याचे डिमर, पंख्याचे फिरत्या नॉबचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर ही त्याची नेहमीची घरं.

बारीक 'चींऽऽ', त्यातही माऊस हलवल्यावर किंवा पान सरकवल्यावर बदलणारी, ही कॉम्प्युटरच्या पोटातली. यूएसबीचा कारभार ठरावीक ठेक्यात चालतो : साध्या वेगाला सेकंदाला १००० ठेके, जास्त वेगाला ८०००. तो ठेका वीजपुरवठ्यातून आवाजात झिरपला की १ किलोहर्ट्झची किंवा त्याहून बारीक शिट्टी कानावर येते.

मोकळ्या नळासारखा 'सूंऽऽ' बहुधा गेन फार चढवल्याचा. 'टिडिक-टिडिक-टिडिक' म्हणजे जवळचा मोबाईल. टूजी नेटवर्कवरचा फोन सेकंदाला २१७ वेळा झटके देत प्रक्षेपण करतो आणि माईकची केबल ते उचलते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, प्रश्न संपला. आणि 'तड्… तडतड्…' असे अधूनमधून फुटाणे उडत असतील तर तो बहुतेकदा विजेचा प्रश्नच नसतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

तिसरी पायरी : अॅडॉप्टर उपटा

लॅपटॉप चार्ज करा, अॅडॉप्टरची पिन काढा, बॅटरीवर तीस सेकंद रेकॉर्ड करा. घुं किंवा चीं गेली? मग चोर अॅडॉप्टरच्या वाटेने येतो हे ठरलं. नवख्याने एकच परीक्षा करायची असेल तर हीच करावी.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. दोन पिनांच्या अॅडॉप्टरमध्ये मेन्सची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा करंट पलीकडे गळतो. त्याला जमिनीत जायला वाट नसली की लॅपटॉपचं धातूचं अंग मेन्सच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. ओल्या हाताने मॅकबुकचं झाकण चोळल्यावर जी हलकी झिणझिण लागते ती हीच, आणि टेस्टर लावला तर मिणमिणतोसुद्धा. करंट नगण्य असल्यामुळे इजा होत नाही, पण माईकच्या नाजूक सिग्नलला तेवढं पुरतं. तुम्ही लॅपटॉपला किंवा माईकच्या धातूला बोट लावल्याबरोबर घुं कमी झाला, तर निदान जवळजवळ पक्कं : अर्थिंग पोचतच नाहीये. (झिणझिण नव्हे, खरा शॉक बसत असेल तर सगळं बंद करा आणि वायरमनला बोलवा. तेव्हा विषय आवाजाचा राहिलेला नसतो.)

उपाय म्हणजे तीन पिनांची वायर असलेला, त्याच लॅपटॉपचा अॅडॉप्टर, आणि तो खरंच अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये. 'खरंच' या शब्दावर जोर द्यायचं कारण असं, की जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे हिरवी वायर जोडलेलीच नसते. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवून पाहता येतं. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. फेज-न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास आकडा यावा, फेज-अर्थमध्येही जवळपास तेवढाच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये शून्य ते दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा शंभर-सव्वाशेवर डुलत असेल तर ती वायर कुठेतरी सुटलेली आहे. हात थरथरत असतील तर हे काम वायरमनवर सोपवा. तो टेस्ट लॅम्प लावून बघेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर दिवा लावताच त्याचा खटका खाली पडेल. तसं झालं तर घाबरू नका, फेज ते अर्थ करंट गेला एवढाच त्याचा अर्थ.

वायर जोडलेली असूनही खड्डा कोरडा पडलेला असतो, हा प्रकार उन्हाळ्यात होतो. कोळसा आणि मीठ भरलेल्या जुन्या पद्धतीच्या खड्ड्याला ओल लागते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला' म्हणणाऱ्या आजोबांना हसू नये, ते बरोबर सांगत असतात.

चौथी पायरी : दोन वाटांचा घोटाळा

आता उलटी तऱ्हा. अर्थिंग नसलं तरी घुं येतो, आणि दोन वाटांनी असलं तरी घुं येतो. नवख्यांचा गोंधळ इथेच उडतो, कारण एका घरात अर्थिंग जोडून घुं जातो आणि दुसऱ्या घरात त्यानेच सुरू होतो.

समजा कॉम्प्युटर तीन पिनांवर आहे, एका बोर्डवर. स्पीकरही तीन पिनांवर, पण समोरच्या भिंतीतल्या बोर्डवर. दोघांच्या मध्ये ऑडिओची केबल. गच्चीवरच्या दोन टाक्या पाईपने जोडल्या आणि त्यांच्या पातळीत बोटभर फरक असला, तर पाणी वाहणारच. दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये असाच थोडा व्होल्टेजचा फरक असतो आणि केबलची बाहेरची जाळी हा त्यांना जोडणारा पाईप होतो. साध्या केबलमध्ये सिग्नलची परतीची वाटही तीच जाळी असल्यामुळे जाळीतून वाहणारा घुं सिग्नलमध्ये मिसळतो. हाच ग्राउंड लूप.

पहिला उपाय फुकटचा आहे. कॉम्प्युटर, इंटरफेस, स्पीकर या सगळ्यांना एकाच भिंतीतल्या सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवरून वीज द्या. सगळे एकाच ठिकाणी अर्थ झाले की पातळीतला फरक उरत नाही. घरच्या सेटअपला भार किरकोळ असतो, त्यामुळे एक सॉकेट पुरतं. त्याच बोर्डवर इस्त्री किंवा हीटर मात्र लावू नका.

त्याने भागलं नाही तर एकेक केबल काढत जा. वीजच नव्हे, सगळ्याच केबली : एचडीएमआय, नेटवर्क, प्रिंटर, दुसरा मॉनिटर. माझं घोडं इथेच अडलं होतं. स्पीकरमधून घुं येत होता. तीन दिवस मी ऑडिओच्या केबली बदलत राहिलो, सॉकेट बदलले, एक आयसोलेटर (दोन यंत्रांमधली विजेची थेट वाट तोडणारी डबी) मागवला. शेवटी कंटाळून टीव्हीच्या मागची केबलवाल्याची जाडी काळी वायर उपटली आणि खोली एकदम शांत झाली. कॉम्प्युटर एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला, टीव्ही केबलवाल्याच्या वायरला, आणि ती वायर इमारतीबाहेर कुठल्यातरी अॅम्प्लिफायरला. तिचं अर्थिंग तिथलं, माझं इथलं. ऑडिओशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशी वायर लूप पुरा करत होती. तेव्हापासून माझा नियम ठरलाय : घराबाहेरून येणारी वायर आधी काढायची. केबल टीव्ही, डिश, तांब्याची टेलिफोन लाईन, हे पहिले संशयित. फायबरच्या काचेतून वीज जात नाही, तो निर्दोष.

कायमचा इलाज म्हणजे बॅलन्स्ड केबल. इंटरफेसच्या मागे आणि स्पीकरच्या मागे, दोन्हीकडे टीआरएस किंवा एक्सएलआरची (तीन जोडण्यांच्या पिनांची) सोय असेल तर त्याच केबल वापरा. त्यात सिग्नल दोन तारांवर एकमेकांच्या उलट जातो आणि पलीकडचं यंत्र दोघांतला फरक तेवढा घेतं. घुं दोन्ही तारांवर सारखाच चढत असल्यामुळे वजाबाकीत नाहीसा होतो. टीआरएसच्या पिनवर दोन काळ्या रेघा असतात, साध्या टीएसवर एक. दुकानदार 'सेमच आहे' म्हणेल. रेघा स्वतः मोजून घ्या.

स्पीकरला फक्त आरसीएची (दोनच जोडण्यांच्या साध्या पिनेची) सोय असेल तर मधे ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर घालता येतो. माळ्यावरच्या खोक्यातून कामाला आलेली वस्तू ती हीच, पण नंतर, दुसऱ्या एका सेटअपवर. स्वस्तातला घेतलात तर तबल्याचा डग्गा जरा दबलेला वाटेल, कारण त्यातला छोटा गाभा खालच्या सुरांना दमतो. तो इंटरफेस आणि स्पीकर यांच्या मधेच लावायचा. माईकच्या वाटेवर लावलात तर फँटम पॉवर पलीकडे जाणार नाही.

चीं आणि यूएसबी

चीं बॅटरीवरही येत असेल तर इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा. मग दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावून बघा. त्याच हबवर हार्ड डिस्क, वेबकॅम, फोनचं चार्जिंग असेल तर तेही काढा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची ऑडिओची भोकं विसराच. तिथपर्यंत जाणारी आतली वायर ग्राफिक्स कार्डाजवळून येते आणि वाटेत सगळं गोळा करते. मागची भोकं बरी, आणि सगळ्यात बरा बाहेरचा यूएसबी इंटरफेस.

यूएसबी आयसोलेटर नावाची वस्तू मिळते आणि ती चालतेही, पण स्वस्तातले बरेचसे फक्त १२ मेगाबिट वेगाचे असतात. जास्त वेग मागणारे इंटरफेस त्यावर ओळखलेच जात नाहीत. घ्यायच्या आधी वेग वाचा. केबलवर चिमटा लावायचे काळे फेराइटचे मणी रेडिओच्या वारंवारतेला उपयोगी पडतात. घुंसाठी त्यांचा उपयोग शून्य.

झर्र आणि घरातली इतर मंडळी

यासाठी स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत फिरायचं. एकाने हेडफोन लावून बसायचं, दुसऱ्याने एकेक बटण बंद करत जायचं. टप्प्याटप्प्याने 'टक-टक' फिरणारा पंख्याचा रेग्युलेटर कपॅसिटरवर चालतो, तो सहसा त्रास देत नाही. टप्प्यांशिवाय सरकणारा विजेची लहर मधेच कापतो, तो देतो. रेग्युलेटर पूर्ण वेगावर नेला की झर्र गेली, तर ओळख पटली. इन्व्हर्टरवर असताना झर्र वाढत असेल तर तो साइन वेव्हचा आहे की स्क्वेअर वेव्हचा ते पाहा. स्क्वेअर असेल तर वीज येईपर्यंत लॅपटॉपच्या बॅटरीवर रेकॉर्ड करा, तेवढ्यासाठी इन्व्हर्टर बदलायची गरज नाही.

माईकची केबल आणि विजेच्या वायरी शेजारी-शेजारी नेऊ नका. ओलांडाव्या लागल्या तर फुलीसारख्या काटकोनात ओलांडा. अॅडॉप्टरची वीट माईकच्या केबलवर ठेवलेली मी इतक्यांदा पाहिली आहे, की आता कुणाच्या घरी गेलो तर आधी टेबलाखाली वाकतो.

सूं आणि तडतड

सूं असेल तर माईक जवळ घ्या, तोंडापासून वीतभर किंवा त्याहून कमी, आणि गेन उतरवा. बोलताना उंचातली उंच पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास आली की पुरे. डायनॅमिक माईकला (फँटम पॉवर न लागणाऱ्या) मुळातच जास्त गेन लागतो, त्यामुळे स्वस्त इंटरफेसवर त्याचा सूं जास्त ऐकू येतो. यात अर्थिंगचा काही संबंध नाही.

तडतड आली तर आधी सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज हाताळायला कॉम्प्युटरला मिळणारी उसंत) वाढवून पाहा, १२८ असेल तर ५१२ करा. तडतड गेली तर कॉम्प्युटरला वेळ पुरत नव्हता, इतकंच. वायफाय बंद करूनही बघा, त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा आडवा येतो. बफर वाढवूनही तडतड राहिली आणि केबल हलवल्यावर वाढली, तर पिनेजवळचा झाळ (सोल्डर) सुटलाय. दहा-पंधरा रुपयांचं काम आहे, केबल फेकू नका.

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी

एवढं करून थोडा घुं उरलाच, तर ५०, १००, १५० हर्ट्झला अरुंद नॉच फिल्टर (तेवढाच सूर कापणारा) लावा. नॉइज रिडक्शन वापरायचं तर हात राखून. जास्त दाबलं की माणूस पिंपात बसून बोलल्यासारखा येतो, आणि ते घुंपेक्षा वाईट ऐकू येतं. त्यासाठी प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहायची सवय लावा. सॉफ्टवेअरला नमुना मिळतो, आणि त्या दहा सेकंदांची फाईल तारीख घालून वेगळी ठेवली तर पुढच्या उन्हाळ्यात घुं परत आल्यावर तो जुनाच आहे की नवा, हे शेजारी-शेजारी वाजवून लगेच कळतं.